बारदान किती आणि माल किती?

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविणार होतो. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे, ज्या परीक्षेला आमचे वडील अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत आले. पुढली सारी हयात तांदूळ, डाळी आणि साखर यांच्या पोत्यांत गेली व लेखणीशी संबंध आला तो रोकडवही आणि खातेवही यांपुरताच. परंतु गेल्या सर्वसाधारण सभेत जो विषय निघाला व वेळेअभावी अर्धवट राहिला, त्यासंबंधी आमचे म्हणणे सभासद बंधुभगिनींपुढे एकदा सविस्तर यावे असे मनात होते. तेव्हा ही संधी आम्ही घेत आहो. भाषेत उणेअधिक झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

विषय असा. आपल्या समाजाच्या 'जितो' या अखिल भारतीय व्यापारी संघटनेच्या पुढाकाराने २०२५ साली देशभरातील सभासदांनी एकत्रित सौदा करून १८६ आलिशान मोटारी खरेदी केल्या व त्यांत सुमारे २१ कोटी रुपयांची सूट मिळविली, हे वृत्त आपण सर्वांनी वाचले आहे. दर गाडीमागे सरासरी सव्वाअकरा लाख रुपये वाचले. ठोक मालाला ठोक भाव, हे तर आपल्या धंद्याचे पहिले सूत्र. ते मोटारींच्या विक्रेत्यांना पटवून देणाऱ्यांचे कौतुक करावे तितके थोडे. त्याच धर्तीवर आपल्या संघानेही डिचोली, साखळी, पेडणे येथील सभासदांकरिता पाच-सात भारी गाड्यांचा सौदा करावा, अशी सूचना तरुण मंडळींनी मांडली आणि त्यांच्या यादीत 'ग्रँड टूरिंग' जातीच्या मोटारींना अग्रस्थान होते. आम्ही उभे राहून विरोध केला. त्यावर मागून कोणीतरी म्हणाले, "काकांना अजून बैलगाडीच बरी वाटते." सभा हसली, आम्हीही हसलो. तथापि आमचा विरोध बैलगाडीच्या प्रेमातून आलेला नाही, तो वजनकाट्यावरून आलेला आहे.

प्रथम ही ग्रँड टूरिंग म्हणजे काय चीज आहे ते सांगितले पाहिजे. मूळ शब्द इटलीचा, 'ग्रान तुरिस्मो', म्हणजे दूरचा प्रवास. युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात, हजार-हजार किलोमीटर एका दमात, वेगाने परंतु अंग न आंबता जाता यावे, याकरिता दोन माणसांपुरती केलेली ही मोटार. लान्चिया या इटालियन कंपनीने १९५१ साली आपल्या 'ऑरेलिया' गाडीला जीटी ही अक्षरे जोडली आणि पुढील वर्षी इंग्लंडात बेंटलीची 'कॉन्टिनेन्टल' निघाली. त्या मूळ कॉन्टिनेन्टलची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिच्या कारागिरांनी अॅल्युमिनियमची बॉडी चढवून, खुर्च्यासुद्धा हलक्या करून, गाडीचे वजन सतराशे किलोंच्या आसपास राखले होते. कारण त्या काळचे टायर जड गाडीला त्या वेगात झेपत नसत. म्हणजे या जातीचा जन्मच मुळी हलकेपणाच्या हव्यासातून झाला.

आता त्याच नावाची गाडी पाहा. २००३ साली निघालेली कॉन्टिनेन्टल जीटी भरली २,३८५ किलो. २०२४ साली निघालेली, पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणारी, तिचे वजन २,४५९ किलो. एकट्या बेंटलीला दोष देण्याचे कारण नाही. बीएमडब्ल्यू कंपनीची एम-५ ही गाडी दोन टनांच्या आत होती, ती २०२४ साली २,४३५ किलोंवर गेली. इंजिन मोठे, त्यावर विजेची मोटर, तिची बॅटरी, दुहेरी काचा, आवाज आत येऊ नये म्हणून दारांत व तळाशी भरलेले थर, प्रत्येक खुर्चीत तिला मागेपुढे, वरखाली करणाऱ्या आणि पाठ चोळणाऱ्या मोटरी. बाहेरचा वारा ऐकू येऊ नये यासाठी एवढे वजन वाहायचे आणि मग आत वाजंत्री लावून बसायचे, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

आम्ही धान्याचे व्यापारी. आमच्याकडे माल आला की तीन आकडे लिहिले जातात: भरती वजन, बारदान आणि निव्वळ. पैसे मोजायचे ते निव्वळ मालाचे. पन्नास किलो धान्याच्या तागाच्या पोत्याचे स्वतःचे वजन असते ५८० ग्रॅम, म्हणजे मालाच्या शेकडा सव्वा टक्क्याच्याही आत. आता ही २,४५९ किलोंची गाडी बारदान समजा. तिच्यात माल म्हणजे नवरा-बायको मिळून दीडशे किलो आणि चाळीस किलोंचे सामान. एकशे नव्वद किलो मालाला जवळजवळ पंचवीस क्विंटल बारदान! याच प्रमाणात आम्ही तांदूळ विकू लागलो तर पन्नास किलोंच्या पोत्याला बारदान लागेल साडेसहाशे किलोंचे. साडेसहाशे किलो म्हणजे, ज्यांना आठवत असेल त्यांच्यासाठी सांगतो, जुन्या मारुती ८०० गाडीचे सबंध वजन. तांदळाच्या दर पोत्यामागे एक मारुती द्यावी लागेल.

यावर कोणी म्हणेल की मारुतीलाही बारदान आहेच. आहे. चार माणसे बसली तर माल अडीचशे किलोंच्या वर जातो आणि बारदान त्याच्या अडीच पट होते. हा हिशेब काही फार चांगला नव्हे, पण व्यापारात बसतो. छोट्या मालगाडीचा तर प्रश्नच नाही. २००५ साली टाटांनी 'एस' नावाचा टेम्पो काढला, ज्याला लोक छोटा हत्ती म्हणतात, तो स्वतः टनाच्या आत असून पाऊण टन माल नेण्यास पात्र होता. आमच्या दुकानाला त्याने जे दिले ते कोणत्याही आलिशान मोटारीने एखाद्या कुटुंबाला दिले असेल असे वाटत नाही.

हे सारे आम्ही पुस्तकी आकडे वाचून लिहीत नाही. आमच्याच घरात अशी एक गाडी आहे. २०१९ साली आमच्या दिवंगत वडील बंधूंच्या चिरंजिवांनी एका जर्मन कंपनीची दोन दारांची मोटार घेतली, तीही कोणाची तीन वर्षे वापरलेली. ज्या पेढीवरून घेतली तिचे नाव येथे नको. विकताना त्यांनी आवर्जून सांगितले की गाडी चार माणसांची आहे. कागदावर आहे खरी. मागल्या बाजूस दोन सुंदर चामड्याच्या खुर्च्याही आहेत. मात्र तेथे बसणाऱ्याने आपले पाय घरी ठेवून आले पाहिजे.

पुतण्याची बाजू आम्ही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण तो हा लेख वाचणार आहे. तो म्हणाला, "काका, अण्णा गेल्यापासून दहा वर्षे मी गोदामात आहे. हमाल आले नाहीत त्या दिवशी पोती मी उचलली आहेत. चोर्ल्याच्या घाटात ट्रक बंद पडला तर रात्र रात्र तेथे बसलो आहे. मला दुसरा शोक नाही. एवढी एक हौस करू द्या." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. मुलगा खरे बोलत होता. विडी नाही, पत्ते नाहीत, कोणाचे एक पैशाचे देणे नाही. आम्ही होकार दिला व त्या होकाराबद्दल त्याला आजवर दोष दिलेला नाही.

आणखी एक कबुली. गाडी आली त्या महिन्यात निपाणीकडे एका लग्नास जायचे होते. आम्ही त्या गाडीत पुढे बसून गेलो. कार्यालयाच्या दारात उतरलो तेव्हा व्याह्यांकडील मंडळी पुढे आली, कोणीतरी हातातील पिशवी घेतली आणि आमची छाती जरा पुढे आली हे नाकारण्यात अर्थ नाही. परतताना हमरस्त्यावर गाडी अशी चालली की आमच्या कंबरेला, जी तीस वर्षे गादीवर बसून मोडली आहे, काही जाणवलेच नाही. चांगल्या वस्तूला चांगले म्हणावे. ज्याला दर आठवड्यास पुण्यास किंवा बंगळुरास जायचे आहे, ज्याच्याबरोबर फार तर एक माणूस आहे, त्याने ही गाडी घेतली तर ती तिच्या मूळ कामासाठी घेतली असे होईल.

परंतु आपले जाणेयेणे कोठे असते? साखळीचा व्यापारी निघाला की बहुधा बेळगावास निघतो. केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी करीत रविवार पेठेत पोहोचायचे. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, त्यांतला निम्मा रस्ता वळणांचा आणि पावसाळ्यात दाट धुक्याचा. त्या रस्त्यावर तीनशे घोड्यांची गाडी आणि आमची जुनी व्हॅन यांच्यात पंधरा मिनिटांचा फरक पडतो, कारण दोघींच्या पुढे तोच सिमेंटचा ट्रक असतो. मुंबईस जावे म्हटले तर मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली हाती घेतले ते वर्षानुवर्षे रेंगाळत गेले. राहता राहिली साखळीची बाजारपेठ. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांच्या टोपल्या, मासळीवाल्या, स्कूटर आणि कारापूर तिठ्याहून येणाऱ्या बसगाड्या यांतून जवळजवळ दोन मीटर रुंदीची मोटार काढणे म्हणजे सुईतून दोरखंड ओवणे होय. आणि दार? दोनच दारे असल्यामुळे ती लांब असतात. शेजारी हातभर मोकळी जागा असल्याविना उतरता येत नाही. आमचा पुतण्या बाजारात जाताना स्कूटर नेतो.

एकदा कणकुंबीच्या अलीकडे खड्ड्यात टायर फाटला. डिकी उघडून पाहतो तो जादा चाक नाही. या जातीच्या बऱ्याच गाड्यांत वजन आणि जागा वाचविण्यासाठी जादा चाक देतच नाहीत. रसायनाची एक बाटली आणि हवा भरण्याचे छोटे यंत्र देतात. चोवीसशे किलोंची गाडी करायची आणि काटकसर करायची ती चाकात! फाटलेल्या टायरला रसायन काय करणार? त्या मापाचा टायर बेळगावात मिळाला नाही. गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून घरी आली आणि टायर पाचव्या दिवशी पुण्याहून आला. आम्ही आणि पुतण्या त्या रात्री तांदूळ घेऊन साखळीस येणाऱ्या आमच्याच ट्रकमधून परतलो. चालकाने आम्हांस खिडकीची जागा दिली. तो काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

२०२३ च्या जानेवारीत पेडण्यात मोपाचा विमानतळ चालू झाला. त्याच वर्षी आमची कन्या, जावई आणि नात परदेशाहून तेथे उतरली. पुतण्या हौसेने गाडी घेऊन गेला. तीन माणसे, चार मोठ्या पेट्या. एक पेटी डिकीत गेली, दुसरी आडवी करून बसविली तर झाकण लागेना. अखेर जावई पुतण्याबरोबर आले, आणि कन्या, नात व तीन पेट्या भाड्याच्या टॅक्सीने मागून आल्या. याचेही आकडे आहेत. कॉन्टिनेन्टल जीटीची डिकी आधी ३५८ लिटरची होती. बॅटरी आल्यावर ती २६० लिटरची झाली. सर्वसामान्य मारुती स्विफ्टची डिकी २६५ लिटरची आहे. आमच्या भाषेत, उकड्या तांदळाची चार पोती कशीबशी मावतील एवढी जागा.

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही गंमत करीत आहो. आता जे सांगायचे आहे ते गमतीचे नाही.

२३ जुलै २०२१ हा दिवस सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतील कोणी विसरणार नाही. रात्रभर पाऊस कोसळत होता, नद्या फुगल्या होत्या, कित्येकांची घरे गेली. त्या दिवशी पहाटे आमच्या वहिनी, म्हणजे या पुतण्याच्या मातोश्री, मागल्या पडवीत घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले हे त्यांच्या पायाकडे पाहूनच समजत होते. वय त्या वेळी बहात्तर. रुग्णवाहिकेस फोन केला, परंतु त्या दिवशी रुग्णवाहिकांना कोणकोणत्या गावी जायचे होते हे देवच जाणे. बांबोळीस नेणे भाग होते. दारात पुतण्याची मोटार उभी होती. त्याने धावत जाऊन दार उघडले आणि तो तसाच उभा राहिला. मोडलेला पाय न वाकविता मनुष्य त्या गाडीत शिरूच शकत नाही. मागे आडवे ठेवावे तर पुढली खुर्ची कलती करून, त्या फटीतून, अंग दुमडून जावे लागते. पुढे बसवावे तर बैठक जमिनीपासून हातभर. वहिनी एवढेच म्हणाल्या, "अरे, मला ह्यात कोंबू नका रे." शिवाय तिठ्याकडच्या सखल भागात गुडघाभर पाणी होते आणि इतक्या बसक्या गाडीने त्यात शिरणे म्हणजे मध्येच इंजिनात पाणी जाऊन बंद पडणे.

दुकानाची व्हॅन गोदामात होती. तिच्यातील डाळीची पोती आम्ही दोघांनी आणि एका शेजाऱ्याने खाली टाकली. चार पोती मुद्दाम तशीच राहू दिली, त्यांवर गादी घातली आणि दारावरील फळीसकट वहिनींना आत सरकविले. व्हॅन पाण्यातून गेली. पुतण्या मागे आईचा पाय धरून बसला होता, आम्ही चालवीत होतो. वयाच्या साठीत आम्ही इतक्या वेगाने गाडी कधी चालविली नव्हती. फोंड्याकडे वळावे की डिचोलीवरून जावे, कोठे पाणी आहे, कोठे झाड पडले आहे, काही समजत नव्हते. पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. शस्त्रक्रिया झाली. वहिनी आज काठी घेऊन चालतात, देवदर्शनास जातात आणि व्हॅनमध्येच बसतात.

घरी आल्यावर पुतण्याने त्या गाडीविषयी एक शब्द काढला नाही, आम्हीही काढला नाही. दोन दिवसांनी तो ती धुवून, पुसून गोदामाच्या पुढल्या भागात लावून आला. तेव्हापासून दर पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ती तेथेच असते. लांब दारे उघडण्याची सोय धरून तिला पंधरा चौरस मीटर जागा लागते. त्या जागेत दहा थरांची थप्पी लावली तर पन्नास किलोंची तीनशे पोती राहतात. पावसाळ्यापूर्वी उकडा तांदूळ भरून ठेवण्याचे तेच तर दिवस. पंधरा टन माल आम्ही दर साली दुसऱ्याच्या गोदामात भाडे भरून ठेवतो. एकदा कुतूहलाने आम्ही ती गाडी वजनकाट्यावर नेली. पावती आली १,९४० किलो. काटेवाल्याने नेहमीच्या सवयीने विचारले, "शेट, भरती की रिकामी?"

पैशाच्या बाजूविषयी थोडे सांगून टाकतो. सभासदांना ती ठाऊकच आहे. अशा मोठ्या गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. आपल्या धंद्यात मालवाहू टेम्पो घेतला तर त्यावरील कराची वजावट मिळू शकते. घरच्या मोटारीवरची ती कायद्यानेच अडविली आहे. आयकराच्या हिशेबात गाडीला वर्षास १५ टक्के घसारा धरता येतो, बाजारात मात्र किंमत त्याहून झपाट्याने उतरते. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात तेथील मोटारींवरचा आयात कर ठराविक संख्येपुरता टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे ठरले आहे. म्हणजे आज जो कोणी पूर्ण कर भरून इंग्लंडची गाडी आणील, त्याच्या मालाचा भाव उद्या काय राहील हे कोणत्याही आडत्याने सांगावे.

औरंगाबादचे उदाहरण पुष्कळ जण देतात. २०१० च्या ऑक्टोबरात तेथील उद्योजक व व्यापारी मंडळींनी एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, ६५ कोटी रुपयांचा सौदा, साऱ्या देशात गाजला. मराठवाड्यात पैसा आहे हे जगास दाखवायचे होते आणि ते दिसले. त्यांतील बरीच रक्कम बँकेच्या कर्जातून उभी राहिली होती, हेही त्याच वेळी लिहिले गेले. त्यांच्या गावी कारखानदारी होती, त्यांचे त्यांनी पाहिले. आपल्या गावी काय झाले ते आपण पाहिले आहे. चीनला खनिज जात होते त्या वर्षांत डिचोली-साखळीच्या रस्त्यांवर नव्या गाड्यांना तोटा नव्हता. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा थोड्या चालल्या आणि २०१८ च्या मार्चात पुन्हा बंद पडल्या. आमचे एक गिऱ्हाईक होते, चार ट्रकांचे मालक. ट्रक अंगणात गंजत उभे राहिले, त्यांचे हप्ते थकले. परंतु दारातली भारी मोटार त्यांनी सर्वांत शेवटी विकली. लोक काय म्हणतील, हे त्या गृहस्थांना खाण बंद पडण्याहून अवघड वाटले. त्या दोन वर्षांत आमच्या वहीत त्यांची जी उधारी राहिली ती आम्ही मागितली नाही. पुढे त्यांनी स्वतःच आणून दिली, थोडी थोडी करून.

या गाड्या आपल्याकडे नव्या आहेत असेही नाही. १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमदानीत, गोव्यात परदेशी मोटारी सहज येत. आमचे वडील मुक्तीनंतर दोन वर्षांनी बेळगावकडून साखळीस आले तेव्हा खाणवाल्यांच्या दारांत त्या उभ्या असत. आमच्या बालपणी त्यांतल्याच काही, रंग उडालेल्या, टॅक्सी म्हणून धावताना आम्ही पाहिल्या. आत सात-आठ माणसे, टपावर फणस आणि पोती. तो त्यांचा उतरता काळ असे मोठी माणसे म्हणत. आम्हांस मात्र वाटते की गाडीने मिळवायचे ते तेव्हाच मिळविले.

बाहेरच्या जगातही वजनाचा विचार आता होऊ लागला आहे. पॅरिस नगरीने २०२४ च्या फेब्रुवारीत लोकांचे मत घेतले आणि ऑक्टोबरपासून बाहेरून येणाऱ्या, १,६०० किलोंहून जड पेट्रोल-डिझेल मोटारींना मध्यवस्तीत उभे राहण्यास तासाला १८ युरो, म्हणजे नेहमीच्या तिप्पट दर लावला. कारण त्यांनी साधे दिले: जड गाडी जागा अधिक अडविते, धूर अधिक काढते आणि धडकली तर समोरच्यास अधिक मारते. रस्त्याची झीज मात्र आम्ही या गाड्यांच्या माथी मारणार नाही. रस्त्याचे इंजिनियर सांगतात की आसावरचे वजन दुप्पट झाले तर झीज सोळापट होते. त्या हिशेबाने साखळीचे रस्ते मोडले ते खनिजाच्या ट्रकांनी आणि, खरे बोलायचे तर, आमच्या तांदळाच्या ट्रकांनी.

अपरिग्रहावर प्रवचन करण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्याच्या गोदामात पंधरा हजार पोती असतात त्याने परिग्रहावर बोलू नये. ज्या सभासदास आपल्या नफ्यातून, दुकानाच्या कॅश क्रेडिटला हात न लावता, अशी मोटार घ्यायची असेल त्याने खुशाल घ्यावी. आम्ही पेढे खाण्यास येऊ आणि पुढल्या खुर्चीत बसून एक फेरीही मारू. आमचा विरोध आहे तो संघाने आपले नाव, आपली पत आणि आपले कार्यालय त्यामागे उभे करण्यास. संघाने सौदा केला की ती हौस राहत नाही, रीत होते. मग ज्याला परवडत नाही तोही मान खाली नको म्हणून हप्ते बांधतो. अशी तीन घरे आम्हांस आजच दिसत आहेत. नावे लिहिण्याचे कारण नाही, त्यांची त्यांना ठाऊक आहेत.

एकत्रित खरेदीची कल्पना मात्र आम्हांस मनापासून पटली आहे. म्हणून संघाच्या कार्यालयात आम्ही एक लेखी सूचना दिली आहे, ती येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर आठव्या क्रमांकावर आहे. सभासदांपैकी निदान बारा जणांना येत्या वर्षात टेम्पो किंवा व्हॅन बदलायची आहे. त्या बारा गाड्या आणि त्यांचा विमा यांचा सौदा संघाने एकहाती करावा. जी सूट मिळेल तिचा चौथा हिस्सा बाजूस काढून एक रुग्णवाहिका घ्यावी. तिचे मागले दार रुंद असावे, तळ जमिनीपासून पुरेसा उंच असावा आणि आत मनुष्य सरळ आडवा मावावा. ती साखळीस ठेवण्यासाठी जागा आम्ही देऊ. गोदामाच्या पुढल्या भागात पंधरा चौरस मीटर जागा आहे. पुतण्याशी बोलणे झाले आहे आणि आपली मोटार विकण्यास तो गेल्या आठवड्यात स्वतःहून तयार झाला आहे. कोणा सभासदास, वरील सर्व वाचूनही, ती घ्यावीशी वाटल्यास त्यांनी दुकानावर येऊन भेटावे. वजनकाट्याची पावती गाडीबरोबर देण्यात येईल.